डाव्या हाताला कायोटी

बाबा, गेल्या महिन्यात माझ्यामुळे एक जनावर मेलं, आणि त्याच्या आधी माझ्यामुळेच दोन कोकरं मेली. यातलं चूक कुठलं, हे मला अजून ठरवता येत नाही. मी इथे अमेरिकेत अ‍ॅशबर्नला राहतो, डेटा सेंटरमध्ये काम करतो. महिन्यातून एकदा मी आणि बायको तासभर ड्राइव्ह करून डोंगरापलीकडच्या एका फार्मवर मटण आणायला जातो. तिथला म्हातारा शेतकरी एकटाच राहतो, साठेक मेंढ्या आहेत त्याच्या. तीन वर्षांपूर्वी आम्ही गेलो तेव्हा एक मेंढी अडली होती आणि संधिवातामुळे त्याची बोटं वळत नव्हती. मी जॅकेट काढलं, हात धुतले आणि जनावरांच्या दवाखान्यात तुम्ही करायचात तसा आत हात घालून कोकराचे पाय सरळ केले. बायको बघतच राहिली. तेव्हापासून तो मला 'डॉक्टरचा मुलगा' म्हणतो.

या जानेवारीत त्याचा फोन आला. कायोटी कोकरं नेत होते. कायोटी म्हणजे आपल्या कोल्ह्याहून मोठा, लांडग्याहून लहान. विजेचं कुंपण झालं, राखणीचा कुत्रा झाला, तरी थांबेनात. इथे थंडीत त्यांची शिकार करतात. बंदूक तोच धरणार होता, पण डाव्या डोळ्याने त्याला दिसत नाही, म्हणून मी फक्त त्या बाजूला बसायचं होतं. उजाडताना आम्ही गवताच्या मोठ्या गठ्ठ्याला टेकून बर्फात बसलो आहोत. "दिसला की माझ्या गुडघ्याला हात लाव. बोलू नकोस," तो म्हणतो आणि एक लाकडी शिट्टी फुंकतो. तिच्यातून जखमी सशाचं रडणं निघतं. जरा वेळाने झाडीतून कायोटी बाहेर येतो, कान पुढे करून उभा राहतो. आवाज ऐकून तो खायलाच आला आहे, हे मला कळतं. तरी माझा हात उठत नाही. तो वळून निघून जातो. "काहीच नाही?" म्हातारा विचारतो. मी म्हणतो, "काहीच नाही."

दोन दिवसांनी त्याने फोनवर सांगितलं की आणखी दोन कोकरं गेली. आवाज नेहमीसारखाच होता, आणि तेच मला सहन होईना. त्या दिवशी मला तो मेंढपाळ आठवला. मी कॉलेजच्या सुट्टीत घरी आलो होतो. लांडग्याने फाडलेल्या मेंढीत घालायला तो तुमच्याकडे विष मागत होता. तुम्ही मला बाहेर जायला सांगितलंत. तो गेल्यावर मी विचारलं, दिलंत का? तुम्ही हात धूत होतात. मागे न बघता म्हणालात, "ज्याचं काही गेलेलं नाही, त्याने हे विचारू नये." पुन्हा तो विषय मी कधी काढला नाही. तुम्ही नाही म्हणाला असाल, असं मी इतकी वर्षं धरून चाललो. आता तसं वाटत नाही. किंवा वाटतं, पण मग मेंढपाळाच्या राहिलेल्या मेंढ्यांचं काय झालं असेल, हा विचार येतो.

शनिवारी मी पुन्हा गेलो. जागा तीच, शिट्टी तीच. कायोटी पुन्हा डावीकडूनच आला, तोच होता की दुसरा, सांगता येत नाही. या वेळी मी गुडघ्याला हात लावला. म्हातारा सावकाश वळला आणि एका गोळीत काम झालं. जवळ जाऊन पाहिलं तर ती मादी होती. म्हाताऱ्याने टोपी काढली, पुन्हा घातली आणि म्हणाला, "चल, कॉफी घेऊ." मी कॉफी घेतली. त्यानंतर कोकरं गेलेली नाहीत. पहिल्या दिवशी मला कायोटी दिसला होता, हे मी त्याला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही.

हे कागद घडी करून मी माझ्यापाशीच ठेवणार आहे. मात्र तुमच्यापुरतं एक कबूल करतो. गोळी लागली आणि ती बर्फात कोसळली, त्या क्षणी मला वाईट वाटलं नाही. मला आनंद झाला, बाबा, आणि तो चांगलाच वेळ टिकला.