चंद्रावरून दिसणारी भिंत

विचुंबे, नवीन पनवेल
१४ ऑक्टोबर २०११

ती. सुमतीवन्संना आशालताचा नमस्कार.

आठ वर्षांपूर्वी एका सकाळी मी मेथी निवडत होते, गॅसवर डाळीचा कुकर होता आणि हे बाल्कनीत आरसा टांगून दाढी करत होते. नेहमीप्रमाणे मी त्यांना पेपर वाचून दाखवत होते. चीनचा पहिला अंतराळवीर परत आला होता आणि वरून आपली भिंत काही दिसली नाही, असं त्याने सांगितलं होतं. यांचा हात थांबला. अर्ध्या गालाला फेस तसाच. म्हणाले, "नीट बघितलं नसेल त्याने."

पत्राची ही कसली सुरुवात, असं म्हणाल. तुमचे गुडघे कसे आहेत? इथे पाऊस एकदाचा थांबला. शेजारी नवी इमारत उभी राहतेय, त्यामुळे गच्चीवरून कळंबोलीच्या ट्रकांचे दिवे आता दिसत नाहीत.

कोजागरी झाली, यांच्या माघारी पहिलीच. "दादा नाही तर प्रश्न कोण विचारणार? मी नाही येत," असं तुम्ही फोनवर म्हणालात. मी आग्रह केला नाही. प्रश्न आमच्या रुचिराने विचारले. नात आता नववीत आहे, लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती. एका गटात मी आणि सूनबाई, दुसऱ्यात सत्यजीत आणि शेजारचे काशिरामभाऊ.

सर्वांत लहान ग्रह कोणता, यावर काशिरामभाऊ ओरडले, "प्लूटो!"

मी म्हटलं, "त्याला ग्रहांतून केव्हाच काढलं. बुध."

"काढलं? रिटायरमेंटचं वय झालं होतं का?"

सगळे हसले. मीही हसले, बऱ्याच दिवसांनी. सातवीत शाळा सुटली, पण पेपर वाचायची सवय कामी आली. गुण बरोबरीत होते. मग रुचिराने शेवटचा प्रश्न विचारला, "चंद्रावरून चीनची भिंत दिसते का?"

मी वर बघितलं. चंद्र अगदी डोक्यावर होता.

"दिसते," मी म्हटलं.

"चूक! आजी, ती नुसती ऐकीव गोष्ट आहे."

काशिरामभाऊंनी टाळ्या वाजवल्या. सत्यजीतने वाजवल्या नाहीत. "आई, ती बातमी तूच बाबांना वाचून दाखवली होतीस ना? मला फोनवर सांगितलं होतंस."

"हो."

"मग?"

तो तेव्हा अमेरिकेत होता. पुढच्या कोजागरीला हे काय म्हणाले, ते त्याला कुठून माहीत? तुम्ही होतात. चंद्रावरून काय दिसतं, हा यांचा शेवटचा प्रश्न ठरलेला. मी बातमीची आठवण करून दिली तर म्हणाले, "जगाचं जगाला. या गच्चीवर उत्तर तेच." हसता हसता तुमचा दुधाचा पेला सांडला होता. मग दरवर्षी आपण दोघी सगळ्यांच्या आधी ओरडायचो, "चीनची भिंत!" आणि हे आपल्या गटाला गुण द्यायचे.

हे सगळं तिथेच सांगता आलं असतं. पण सांगताना रडले असते, आणि मुलं पुण्याहून मुद्दाम आली होती.

खाली आल्यावर सत्यजीत म्हणाला, "आई, तू विसरायला लागलीस. आता एकटी राहू नकोस. ही जागा भाड्याने देऊ, पुण्याला चल." काळजीनेच म्हणाला. पण वन्सं, मला हे घर सोडायचं नाही. यांचा आरसा अजून बाल्कनीतच आहे. दिवाळीला येऊन नक्की करू, असं सांगून तो गेलाय.

दिवाळीला तुम्ही या. त्याला त्या कोजागरीचं सांगा. माझ्या तोंडून ते निघणार नाही. मी एकटीने म्हटलं की तो विसराळूपणा होतो. दोघींनी म्हटलं तर ते या घरचं उत्तर होईल.

तो निघण्याआधी, कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी, मी त्याच्याबरोबर डॉक्टरांकडे गेले. त्यांनी वार विचारला, महिना विचारला, शंभरातून सात-सात वजा करायला लावले. मी सगळं बरोबर सांगितलं. शेवटी त्यांनी विचारलं, "आजी, घरी कोण कोण असतं?" त्याचंही उत्तर मी बरोबर दिलं.

तुमच्याच गटातली,
आशालता