लाल पेन्सिलीनं सोडलेली ओळ

सर, स्टाफरूममध्ये तुम्ही माझी निबंधाची वही पुढं सरकवलीत, त्या क्षणी माझं कॉलेज सुटलं. पुढच्या बाकावरच्या मुलीला मी इंग्रजीत लिहिलेली चिठ्ठी त्या वहीत तशीच राहून तुमच्याकडं आली होती, आणि तुम्ही ती निबंधासारखीच तपासली होती. ‘बिकॉज यू आर नॉट लाइक अदर्स.’ ‘व्हेन यू लाफ इन द लायब्ररी.’ अशा प्रत्येक अर्ध्या वाक्यापुढं लाल पेन्सिलीनं एक रिकामी ओळ आखलेली. “बाकीचं पोस्टकार्डानं झाक आणि खालून वर एकेक वाक्य वाच,” तुम्ही म्हणालात. “कारण सांगतोस, वेळ सांगतोस. पण म्हणणं काय तुझं?”

“सर, ही तुमच्यासाठी नव्हती!”

“ठाऊक आहे. म्हणून तर वर्गात वाचली नाही. पोरीला पुरतं वाक्य तरी दे की.”

कोपऱ्यात कुणीतरी हसलं आणि माझं डोकं फिरलं. वही उचलली, दार असं आपटलं की कडी वाजत राहिली. पुन्हा वर्गात आलो नाही. तिला चिठ्ठीही दिली नाही; वर्षभरात ती होटगीला नांदायला गेली. तुम्ही आजारी होता तेव्हा.

तुम्हाला जाऊनही आता सहा वर्षं झाली. मी सात रस्ता चौकात टायपिंगच्या दुकानात बसतो. थकायला होतं, सर; दिवसभर लोकांचे अर्ज. परवा गिरणीतला एक जण स्वतः लिहिलेला कागद घेऊन आला. सवयीनं पोस्टकार्ड ठेवून खालून वाचलं: ‘बिकॉज माय मदर इज इल.’ पुढं काहीच नाही. “मग तुम्हाला काय पाहिजे?” मी विचारलं.

“रजा पायजे की, सायेब! त्येबी लिवावं लागतंय व्हय?”

हसू आलं, पण ओठावरच राहिलं. मला त्या पुढच्या बाकावरच्या मुलीशी लग्न करायचं होतं. तेवढंच त्या अख्ख्या चिठ्ठीत कुठं नव्हतं. ती फाडून टाकली असं सगळ्यांना सांगतो, खणात आहे.

हे पत्रही आत्ता खालून वर वाचलं. एक वाक्य अर्धंच सापडलं. पुरं करतो: तुम्ही आजारी होता तेव्हा मी तुमच्या दारापर्यंत आलो होतो, आत तुमचा खोकला ऐकला आणि माफी न मागताच परत फिरलो.

हा कागद त्या चिठ्ठीवर ठेवतो आणि बाहेर पडतो. दार या खेपेला हळू ओढून घेईन.