तुमच्या त्या झोप न आणणाऱ्या गोळीचे प्रताप

श्री. राधाकिशनराव यांस बिभीषण सेक्रेटरीचा रामराम.

तुम्ही, मामी आणि लेकरंबाळं खुशाल असाल असं धरून चालतो. (तुमची बहीण सुंदरही खुशालच असेल, माहेरी गेलेलं माणूस खुशालच असतं.) इकडे पाऊस नाही, विहिरीला पाणी नाही आणि घरात बायको नाही, बाकी सगळं ठीक. फोन न करता पत्र लिहितोय, कारण तुमच्या घरचा फोन सुंदर उचलते, माझा आवाज ऐकते आणि ठेवून देते. तुमच्या मेडिकलमध्ये करावा तर तुम्ही "हां दाजी, गिऱ्हाईक हाय" म्हणून ठेवता. पत्र असं मध्येच कापता येत नाही. तेव्हा शेवटपर्यंत वाचा, कारण ह्या सगळ्याला जबाबदार तुम्ही आहात.

तुम्हाला आठवत असेल (नसेल तर मी आहेच आठवण करून द्यायला), उन्हाळ्याच्या तोंडाला आमच्या दूध सोसायटीनं दुष्काळाची चारा छावणी घेतली आणि सेक्रेटरी म्हणून सगळ्या पंचक्रोशीची जनावरं माझ्या गळ्यात पडली. मी मूळचाच भित्रा, पण छावणीनं हद्द केली. छातीत धडधड, हाताला कापरं, आणि टँकर जरा लांबला की अंगातून घामाच्या धारा. हौदाची तोटी बंद केली का हे बघायला जेवता जेवता उठायचो, बघून यायचो, घास तोंडात घातला की पुन्हा उठायचो. इथल्या डॉक्टरानं झोपेची गोळी दिली. ती घेऊन एके दुपारी कडब्याच्या गंजीला टेकलो तो थेट आडवाच झालो, आणि जाग आली तेव्हा छावणीतल्या धुळाजीची म्हैस माझ्या खांद्यावरचा टॉवेल निम्मा खाऊन उरलेला ओढत होती. (टॉवेल तुमच्याच लग्नातल्या आहेराचा होता.) आमच्या चेअरमनना, मोहनरावांना, त्याचं काहीच वाटलं नाही. आजारी माणूस झोपतो, एवढं त्यांना पटलं होतं.

मग तुम्ही मध्ये पडलात. अंबाजोगाईला नेऊन मोठ्या डॉक्टरांना दाखवलंत. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं, हृदय ठणठणीत आहे, हा चिंतेचा आजार आहे आणि त्याला औषध आहे असं सांगितलं, आणि ही गोळी लिहून दिली. वर तुम्ही मोठ्या कौतुकानं म्हणालात की ही झोप आणत नाही, कामधंदा करत घ्या, गुण यायला काही आठवडे लागतील. त्यातलं 'गोळी' एवढंच माझ्या कानात शिरलं. घरी येऊन रजा काढली आणि भर दुपारी खाटेवर आडवा झालो. तुमच्या बहिणीनं शेजारच्या छबुबाईंचा टीव्ही बंद करायला लावला, शेळी लांब नेऊन बांधली, आणि सगळं घर पाय न वाजवता फिरायला लागलं. मी डोळे मिटून वाट बघतोय. दिवस मावळला तरी टक्क जागा! पोटात थोडं मळमळलं तेवढंच. उठलो तो चिडूनच उठलो. जिनं साधी डुलकी येत नाही ती गोळी कसली, असं मी तुम्हाला त्याच दिवशी फोनवर विचारलं होतं, तेव्हाही तुमच्याकडे गिऱ्हाईक होतं.

पुढं हळूहळू धडधड थांबली, हे मी कबूल करतो. घोटाळा तिथंच सुरू झाला. आता मी हौदाची तोटी एकदा बघतो आणि घरी येतो. जनावरं एकदाच मोजतो (एकदाच मोजली की आकडा जुळतो, हे मला ह्या वयात कळलं). टँकर लांबला तर तहसीलला फोन लावतो आणि चहा पितो. पण राव, ऐन दुष्काळात सोसायटीच्या सेक्रेटरीनं शांतपणे चहा पिणं हा गुन्हा आहे, हे तुम्ही का नाही सांगितलंत? ज्याच्या म्हशीनं टॉवेल खाल्ला तो धुळाजी, भला माणूस, परवा तोंडावर म्हणाला, "सेक्रेटरी, तुमच्या तोंडाकडं बघून आमाला टँकर येतो का न्हाई ते कळायचं. आता आमी कुणाच्या तोंडाकडं बघावं?" तो निदान दुःखानं म्हणाला. मोहनरावांनी तर संचालकांच्या बैठकीत विषयच काढला. सगळं गाव काळजीनं वाळून चाललंय आणि आपला सेक्रेटरी हसतो काहून? ह्यानं नक्की चाऱ्यातलं उसाचं वाढं कुठंतरी वळवलं असणार. झालं. माझ्यासमोर सगळा चारा काट्यावर घातला. बरोबर भरला. तर म्हणे, बरोबर भरला म्हणजेच पाणी मुरतंय, कारण ह्याचं आधी कधी बरोबर भरत नव्हतं. आता ह्या माणसाच्या डोक्यात काय घालावं ते तुम्हीच सांगा. मी गोळीचं सांगून बघितलं. त्यावर त्यांचं म्हणणं, गोळी खरोखर घेत असता तर झोपला असता, म्हशीनं टॉवेल खाल्लेला आम्ही ह्या डोळ्यांनी बघितलाय. आता पुढच्या बैठकीत मला काढायचं घाटतंय.

पण ह्या लोकांचं मी फारसं मनावर घेत नाही. (हेही गोळीमुळंच असावं.) राग आलाय तो तुमच्या बहिणीचा, आणि तो गोळीनं गेलेला नाही. गेल्या आठवड्यात सुंदर तेलगावला मावसबहिणीकडं गेली होती आणि यायची एसटी चुकली. आधी असं झालं की मी काय करायचो ते तुमच्या अख्ख्या भावकीला ठाऊक आहे. एकदा ट्रॅक्टर आडवा घालून भर रस्त्यात बस अडवली होती, आणि ती त्या बसमध्ये नव्हतीच. ह्या वेळी मी काय केलं? मावसबहिणीला फोन केला, पुढच्या गाडीनं निघालीय असं कळलं, जेवलो, तिचं ताट झाकून ठेवलं आणि उंबऱ्यावर येऊन बसलो. दिवेलागणीला ती आली. मी म्हणालो, "आलीस? चल, जेवून घे." बाई दारातच थांबली. माझ्या कपाळाला हात लावून घाम आहे का बघितलं. नव्हता. मग हातातली पिशवी खाली न ठेवता म्हणाली, "उद्या मी मेले तरी तुमी ताट झाकून ठेवाल. माझी काळजीच राहिली न्हाई तुमाला." आणि सकाळी तीच पिशवी घेऊन तुमच्याकडं. मागून निरोप असा, की गोळी बंद झाल्याशिवाय ती ह्या घरात पाऊल टाकणार नाही.

अहो, "ह्या माणसाच्या भीतीपायी मला कुठं जाता येत न्हाई" असं म्हणत ह्याच बाईनं इतकी वर्षं चारचौघांत माझी इज्जत काढली. आता जाता येतंय तर रुसून बसली. म्हणजे मी घाबरलो तरी चुकलो, नाही घाबरलो तरी चुकलो. मी गोळी सोडणार नाही, हे ठणकावून सांगतोय. डॉक्टरांनी आपल्या मनानं बंद करायची नाही असं बजावलंय, आणि त्यांनी बजावलं नसतं तरी सोडली नसती. लई वर्षांनी माझी छाती माझ्या ताब्यात आलीय. सोसायटीला माझी खुर्ची काढायची तर काढू दे. तुमच्या बहिणीला यायचं तर यावं, नाहीतर तुमच्याकडं खुशाल राहावं. मी काही कुणाच्या हातापाया पडणार नाही, हे तिला माझ्याच शब्दांत सांगा.

मामींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद. लोभ असावा असं लिहिणार होतो, पण सध्या माझाच तुमच्यावर नाही, तेव्हा उगाच मागत नाही.

तुमचा (नाइलाजानं) दाजी,
बिभीषण

ता. क. हे पत्र सुंदरला दाखवू नका. तिची म्हैस मला पान्हा सोडत नाही, तेही सांगू नका.

ता. क. दुसरा. पत्र तिला दाखवा. बाकीचं नाही वाचलं तरी चालेल, एवढं तिला वाचू द्या. सुंदर, आधी तुला उशीर झाला की मला तू दिसायचीच नाहीस. गाडीचं चाक दिसायचं, पूल दिसायचा, रस्त्यावर जमलेली माणसं दिसायची. तू सुखरूप दारात आलीस तरी मी तुझ्यावर खेकसायचो आणि तांब्याभर पाणी पिऊन पडायचो. कुठं गेली होतीस, कोण भेटलं, काय बोललात, कधी विचारलं नाही. त्या दिवशी उंबऱ्यावर बसून मी पहिल्यांदा तुझी वाट बघितली. तुझी मावसबहीण कशी आहे, हे विचारायचं मनात धरून बसलो होतो. तू विचारूच दिलं नाहीस. घर लई रिकामं वाटतंय. हे गोळीनं जात नाही, आणि जात असलं तरी मला घालवायचं नाही.

ता. क. तिसरा. राधाकिशनराव, सोमवारी डॉक्टरांनी मला पुन्हा बोलावलंय. मागच्या वेळी आत जाताना माझे पाय लटपटत होते आणि तुम्ही दंड धरून नेलंत, ते उपकार मी विसरलेलो नाही. ह्या वेळी तुम्ही येऊ नका. तिला पाठवा.