विश्वापलीकडच्या प्राण्याची खोळ

तीर्थरूप काकांना,

मशीनवरून उठून, हातातली सुई बाजूला ठेवून केलेला नमस्कार. तब्येत बरी ना? काकू तुमच्यावर पूर्वीसारखीच चिडते ना? (चिडत असेल तर काळजी नाही.) मी मात्र पुरता गोत्यात आलोय.

गेल्या महिन्यात दुकानात सिनेमावाले आले. भयपटासाठी त्यांना ताऱ्यांपलीकडून आलेला अक्राळविक्राळ प्राणी शिवून हवा होता, आत दोन माणसं मावतील एवढा. दिग्दर्शकसाहेब किती वेळ बोलत होते! म्हणे, अथांग विश्वापुढे माणूस म्हणजे नुसती धूळ. प्राण्याला ना सुरुवात ना शेवट, एक रेघ दुसरीशी जुळता कामा नये, आणि रंग असा की बघणाऱ्याला त्याचं नावच सांगता येऊ नये. मी आपली मान डोलावली. (धूळ म्हटल्यावर खोळ काढून धुता यावी म्हणून पोटाला चेन लावली.) रंगासाठी उरलेले जांभळे आणि शेवाळी तुकडे जोडले. पण काका, जन्मभर सोफे शिवलेला हात हा! सगळ्या सोंडा एका मापाच्या झाल्या, कडांना पायपिंग लागलं, पाठीवर ओळीने बटणं बसली. फोमबद्दल तर बोलायलाच नको, एक नंबर.

सेटवर धूर सोडला, खालून हिरवा उजेड टाकला. त्याला बघून जिला वेड लागायचं ती नायिका जबड्यात जरा टेकली आणि चक्क घोरायला लागली. कॅमेरावाले म्हणाले, असा एक घरी पाहिजे. साहेब डोकं धरून बसले, तेही त्याच्याच सोंडेवर. आता सोमवारी प्राणी बघून कुणाची गाळण उडाली नाही, तर काम दुसऱ्याला जाणार आणि बाजारात आपल्या दुकानाची छीथू होणार. सगळं उसवून बसलोय. मुद्दाम वाकडं शिवायला जातो, पण मेला हात सरळच चालतो. स्पष्टच सांगतो, हा सगळा तुमच्या शिकवणीचा दोष.

काकूला सांगा, मी वेळेवर जेवतो. (जेवत नाही.)

तुमचा पुतण्या

ता.क. हात थरथरतो, टाके वेडेवाकडे पडतात म्हणून तुम्ही रुसून दुकान सोडलंत. तुमची शेवटची उशी मी साहेबांना दाखवली. ते घाबरून मागे सरकले आणि म्हणाले, या माणसाला आत्ताच्या आत्ता बोलवा. तेव्हा या. तुमच्यावाचून दुकानात मला अजिबात करमत नाही, हेही एकदा सांगून टाकतो.

ता.क. २. हाताची गोळी बरोबर आणा, पण काम आटोपेपर्यंत कृपा करून घेऊ नका.