डाव्या दंडाचं हक्कसोडपत्र

मु. भोंगवली, ता. भोर
१४ जून २०२१

सावळाराम दाजींना कोंडिबाचा नमस्कार.

वर सवयीने 'इकडे सर्व क्षेम' लिहिलं होतं, ते खोडलंय. अंबू गेल्याचा तुमचा फोन येऊन आज वीस दिवस झाले. तुम्ही वेळेवर जेवता ना? तिकडे काठमांडूत तुम्हाला भाकरी कोण करून घालत असेल, हा विचार रोज येतो. फोनवर हे सगळं नीट सांगता येत नाही, म्हणून लिहितोय. (अक्षर मोठं काढलंय, कारण आमची सूनबाई नूतन याचा मोबाईलवर फोटो काढून पाठवणार आहे. टपालाचा भरवसा नाही.)

मूळ चूक माझी. पुण्यात तयार झालेली लस आपल्या सरकारने नेपाळला भेट दिली, हे पेपरात वाचल्यापासून मी घरच्या गोठ्यातलं दूध पाठवल्यासारखा मिरवत होतो. (पुणं इथून पन्नासेक किलोमीटर, आणि तो कारखाना मी बाहेरूनही पाहिलेला नाही.) मार्चमध्ये तुमच्याकडे म्हाताऱ्यांचा नंबर लागला, तेव्हा अंबूला सांगितलं, तुझ्या माहेरची लस आहे, बिनघोर हात पुढं कर. तिने पहिली घेतली आणि गल्लीभर सांगितलं, ही माझ्या भावाकडची. मग आपल्याकडे साथ वाढली, लस इथंच पुरेना, बाहेर पाठवणं थांबलं. गल्लीतल्या बायका अंबूला विचारायला लागल्या, तुझ्या माहेरची दुसरी कधी येणार? तिने मला विचारलं. दिल्लीने थांबवलंय असं सरळ सांगायचं सोडून मी म्हणालो, बघतो.

बघतो म्हटल्यावर काहीतरी बघायला हवं. माझीही दुसरी राहिली होती. दुधाच्या टेम्पोतून भोरला गेलो, कचेरीसमोरच्या चिमाजी दस्तलेखकाला गाठलं आणि माझ्या दुसऱ्या डोसचं अंबूच्या नावे हक्कसोडपत्र लिहायला सांगितलं. त्याने तीस वर्षांत असला दस्त केला नव्हता, पण येत नाही म्हणणं त्याच्या स्वभावात नाही. मिळकतीची चतुःसीमा काय, म्हणाला. शेवटी 'डावा दंड. वर खांदा, खाली कोपर' एवढ्यावर भागलं. मला हसू आलं नाही. त्याच टेबलावर, जमिनीतला आपला वाटा माझ्या नावे सोडताना अंबूने चतुःसीमाही विचारली नव्हती. तिने सही केली, मी साडी दिली आणि तिला एसटीत बसवलं. (साडीसुद्धा आमच्या हिने निवडलेली.)

तो कागद घेऊन आरोग्य केंद्रात गेलो. शिवानी नर्सने तो शेवटपर्यंत वाचला, हसली नाही. म्हणाली, "आजोबा, ही हितनं तिकडं न्हाई पाठवता येत. तुमची तुमी घ्या." मी रागाने उठून आलो. आधी तिची, मग माझी, असं येताना भेटेल त्याला ऐकवलं.

घरी येऊन अंबूला फोनवर दस्त वाचून दाखवला. चतुःसीमेपाशी ती इतकी हसली, की मध्येच आवाज येईना आणि मला वाटलं फोन बंद पडला. मग म्हणाली, "दादा, तू कागद केलास न्हवं? मग मला पोचली म्हण." पंधरा दिवसांनी तिला ताप आला. दुसरी मिळाली असती तर वाचली असती का, हे कुणी डॉक्टर सांगू शकत नाही, आणि मला विचारायचंही नाही. मला तिची फार आठवण येते, दाजी.

तब्येतीला जपा, दुकानातल्या सोनं गाळायच्या भट्टीपुढं फार वेळ बसू नका.

तुमचा,
कोंडिबा

ता. क. चिमाजी विचारतोय, दस्त रद्द करायचा का. मी त्याला थांबायला सांगितलंय.

ता. क. दुसरा. खरं तर एवढ्यासाठीच लिहायला बसलो. शिवानीचे तीन फोन आले. लस आलीय, माझा नंबर लागलाय, आणि मी उद्या येतो म्हणून टाळतोय. कागदाप्रमाणे ती अंबूची आहे आणि अंबूचे वारस तुम्ही. एकदा तिचा वाटा घेतला, तेव्हा तुम्हाला विचारलं नव्हतं. या वेळी विचारतोय. मला ती घ्यायची आहे, दाजी. मला जगायचंय, आणि त्याची लाज वाटते. कागद वगैरे काही करू नका. फोनवर नुसतं 'घ्या' म्हणा.