टाकीच्या तोंडाशी

दादा,

तुझ्या शब्दावर माझा नवरा त्या तेलाच्या कारखान्यात लागला. परवा हे टाकी धुवायला आत उतरले, तवा मुन्ना वर तोंडाशी उभा होता. आतल्या माणसावर नजर ठेवायची, एवढंच त्याचं काम. सुपरवायझर म्हणून तूच त्याला ट्रक खाली करायला बोलावलंस.

"आत माणूस हाय, कसा येऊ?"

"दोन मिनिटांत काय होतंय? चल."

यांनी आतून सगळं ऐकलं, मग गॅसनं शुद्ध गेली. मुन्नानंच परत येऊन ओढून काढलं, म्हणून हे वाचले. आणि जागा सोडली म्हणून तू त्यालाच कामावरून काढलंस?

आई म्हणते, भावाविरुद्ध बोलू नको. म्हणून हे पत्र लिहिलं, पण पाठवत न्हाई. उद्या चौकशीच्या साहेबासमोर तुझ्या तोंडावर सांगते, मुन्ना आपणहून गेला नव्हता, तू त्याला नेलंस.

तुझीच बहीण,
मंजुषा