चंद्रावतीची खुर्ची

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

किळस! दुसरा शब्द नाही. आज मालवणात खुर्च्या बघायला गेलो. दुकानभर भुसा डिंकात कालवून दाबलेल्या फळ्या आणि वर लाकडाचं चित्र छापलेला कागद. चित्र! दुकानदार म्हणाला, "काका, हुबेहूब सागवान दिसता." दिसता! आपला अख्खा देश आता दिसण्यावरच चाललाय.

पाणी न पिता परत आलो. बायकोच्या, चंद्रावतीच्या, गुडघ्यांत वंगण उरलेलं नाही. डॉक्टरीणबाईंनी शुक्रवारी बजावलं, "जमिनीवर बसणं आजपासून बंद." तर तिची खुर्ची मीच करणार. आपला फणस पडून दोन वर्षं झाली, फळ्या पडवीत वाळल्यात. हौसेने दोन स्टुलं आणि एक मांडणी केलीच आहे की मी. विकतचा कचरा या घरात येणार नाही.

तिला सांगितलं. म्हणाली, "बरां."

८ नोव्हेंबर, शनिवार

फणसाला रंधा मारला की आतून पिवळा धमक रंग निघतो. हळदीसारखा. या एका गोष्टीची मला कधी किळस येत नाही.

खुर्ची साधीसुधी नको. उंच पाठ, रुंद हात, खोल बैठक. माणूस तिच्यात बसला की ताठ बसला पाहिजे. आयुष्यभर जमिनीवर बसलेल्या बाईला सिंहासन मिळालं पाहिजे!

(हे वाक्य वीस तारखेला ओरोसला भाषण आहे, त्यात घ्यायचं.)

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

तारकर्लीला गेलो होतो, ओळखीतल्या मितेशच्या नव्या लॉजच्या उद्घाटनाला. नसतो गेलो तर बरं झालं असतं. त्याच्या आज्याची होडी मधोमध कापून, उभी करून, वर काच टाकून तिचं टेबल केलंय. पाहुणे त्यावर ग्लास ठेवतात आणि फोटो काढतात. ज्या फळीवर पाय रोवून त्या म्हाताऱ्याने जाळी ओढली, तिच्यावर लिंबाच्या फोडी!

मितेश म्हणतो, "भाईनू, लोकांका असलां जुनां आवडता."

चार शब्द बोला म्हणाले. बोललो. टाळ्या वाजवल्या! मी त्यांनाच शिव्या देत होतो आणि ते टाळ्या वाजवत होते. घरी आल्यावर दोनदा चूळ भरली.

१५ नोव्हेंबर, शनिवार

पुढचे पाय उभे केले. एक खाच सैल. तिच्यात बसणारा कुसू पुन्हा कापला.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

काल ओरोसला भाषण. विषय — स्वयंपाकघरातले श्रम. सभागृह भरलेलं. "जी बाई रोज तुमच्या ताटात नारळाचं वाटप घातलेली आमटी वाढते, तिचा गुडघा तुम्ही कधी पाहिलाय?" — असं विचारल्यावर पहिल्या रांगेतल्या दोघी डोळे पुसत होत्या. सिंहासनाचं वाक्यही घेतलं. उत्तम बसलं.

रात्री घरी जेवायला बसलो आणि विचारलं, "आज सोलकढी नाही?"

ती गुडघा चोळत होती. हे आत्ता लिहिताना लक्षात येतंय.

२३ नोव्हेंबर, रविवार

लिहायला हात धजत नाही. लिहितो.

सकाळी अकराला मी पडवीत रंधा मारत होतो आणि मोठ्याने पुढच्या भाषणाची तालीम करत होतो. चंद्रावती आत आडाळ्यावर बसली होती. सोलकढीसाठी नारळ खवायला. म्हणजे पुन्हा जमिनीवरच — पाटावर बसायचं, एक गुडघा वर घ्यायचा, पुढे खवणीचं पातं. नारळ झाला. उठता येईना. तशीच बसून राहिली, तासभर. शेवटी शेजारची अक्षया ताक मागायला आली आणि तिने काखेत हात घालून उठवलं.

अक्षया जाताना माझ्याकडे बघून गेली.

मी चंद्रावतीला विचारलं, "हाक का नाही मारलीस?"

"मारलंय. तीनदा. तुमचां भाषण चालू होतां."

रंध्याचा आवाज होता, असं म्हणणार होतो. पण रंधा तेव्हा थांबलेला होता. मी हातवारे करत होतो.

दुकानातल्या त्या कागद चिकटवलेल्या फळीची आठवण झाली. शी!

२४ नोव्हेंबर, सोमवार

ठरलं. खुर्ची दोन आठवड्यांत पुरी करायचीच. भाषणं बंद.

३० नोव्हेंबर, रविवार

परशुराम मेस्त्री सहज डोकावला. गावातला शेवटचा सुतार, त्याचा हात माझ्या दहापट. खुर्चीभोवती दोन फेऱ्या मारल्या, सांध्यांवरून अंगठा फिरवला.

"काम बरां केल्यात, भाईनू. पण माप कोणाचां?"

"खुर्चीचं माप खुर्चीचंच असतं."

"वयनीची नळी मोजल्यात? गुडघ्यापासून टाचेपर्यंत?"

मी त्याला ऐकवलं की खुर्ची कशी करायची हे मी पुस्तकांतून वाचलंय, आकृत्यांसकट. तो हसला आणि चहा न घेता गेला. उद्धट माणूस! ज्ञानाची चीड असते काही लोकांना.

६ डिसेंबर, शनिवार

झाली! तेल पाजलं, कापडाने घासली. बैठकीत तोंड दिसतं. तिला हाताला धरून आणलं आणि बसवलं.

पाय लोंबकळले. शाळेतल्या पोरीसारखे, जमिनीपासून वीतभर वर. पाठ टेकायला मागे सरकली तर आणखी वर गेले. दोन्ही हात फाकवून बसली होती आणि माझ्याकडे बघत होती. मी घाईने म्हणालो, "पायाखाली एक पाट करतो. तीन दिवसांत."

"माका उतरवा आधी," ती म्हणाली.

उतरवली. मग मी बसून पाहिलं. टाचा बरोबर टेकल्या. कोपर हातावर, पाठ पाठीला. इतकी नेमकी बसली की झटकन उठलो. महिनाभर कोणासाठी राबत होतो मी? पहिल्या दिवशी टेप धरली ती स्वतःच्याच नळीला धरली होती. तिला विचारायला सुचलंच नाही, कारण खुर्ची तिच्यासाठी होती!

जेवलो नाही.

७ डिसेंबर, रविवार

सकाळी पडवीत आलो. खुर्चीच्या बैठकीला, अगदी पुढच्या कडेला, चार स्क्रू पिळलेले. आडाळ्याचं पातं! जुन्या पाटावरून सोडवून माझ्या चकचकीत फणसावर बसवलेलं. स्क्रू वाकडे, पण पातं हलत नाही. हलवून पाहिलं.

चंद्रावती पलंगावर पाय लांब करून बसली होती. मांडीवर माझा स्क्रूड्रायव्हर.

"हे काय केलंस?"

"माप तुमचां आसा. बसा."

"आणि नारळ?"

"तो पण तुमीच फोडा."

अर्धा नारळ. पाऊण तास. अंगठा कापला. मधे दोनदा तिने आतून हाक मारली — "करवंटी लागता, हळू!" दोन्ही वेळा ऐकू आली.